होशरुबाचे वाचक

मंगरूळपीरच्या आमच्या जुन्या घरात एक फडताळ होते. सर्वात वर जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ, त्याखालच्या फळीवर 'बहिश्ती जेवर' आणि अगदी तळाशी, चहापत्तीच्या डब्यामागे, सुतळीने बांधलेली 'दास्ताने अमीर हमजा'. पुठ्ठा केव्हाच गेलेला, सुरुवातीची पाने उंदरांनी खाल्लेली. दादीला उर्दू वाचता येत असे, पण तिची नजर गेली होती. म्हणून मगरीबनंतर घरातल्या शाळकरी मुलीने वाचायचे आणि मोहल्ल्यातल्या बायकांनी ऐकायचे, असा रिवाज पडला होता. वाचन शेवटाकडे येऊ लागले की दादी हात वर करी आणि म्हणे, "बस बेटी, अब फिर शुरू से." मग जिथून पाने शाबूत होती तिथून पुन्हा सुरुवात होई. शेवटचा भाग आमच्या घरात वाचला गेल्याचे आम्हाला आठवत नाही.

दादीने त्या पुस्तकावर कधी अभिप्राय दिला नाही. तिला कोणी विचारलाही नाही. परंतु हात वर करणे हा अभिप्राय होता, असे आता वाटते. या दास्तानीविषयी बादशहांनी, शायरांनी, मौलवींनी आणि समीक्षकांनी गेली पाचशे वर्षे मते लिहून ठेवली आहेत. ती वाचताना आम्हाला वारंवार फडताळाच्या तळाशी असलेली ती सुतळी आठवते. मते लिहिणारे वेगळे होते आणि वाचणारे, ऐकणारे वेगळे होते.

दास्तान कशाची, हे नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. हजरत हमजा हे पैगंबर मुहंमद (स.) यांचे चुलते. हिजरी ३ मध्ये, म्हणजे इ.स. ६२५ साली, उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. इतिहासात त्यांच्याविषयी जे आहे ते थोडक्यात आहे. मात्र इराणात आणि मग हिंदुस्थानात त्यांच्या नावाभोवती परी, देव, जादूगार, ऐयार यांची एक अवाढव्य कथा वाढली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खान अश्क यांनी १८०१ मध्ये ती उर्दूत लिहिली. १८५५ मध्ये गालिब लखनवी यांची आवृत्ती आली. तिच्यावर हात फिरवून अब्दुल्ला बिलग्रामी यांनी १८७१ मध्ये लखनौच्या नवल किशोर छापखान्याकडून एका खंडातली दास्तान काढली. आमच्या घरची प्रत याच घराण्यातली. पुढे त्याच छापखान्याने १८८३ ते १९१७ या काळात दास्तानीचे एकूण ४६ खंड छापले. त्यांतली सर्वात गाजलेली मालिका म्हणजे 'तिलिस्मे होशरुबा'. मुंशी मुहंमद हुसेन जाह यांनी १८८३ ते १८९० पर्यंत तिचे पहिले चार खंड लिहिले. मग छापखान्याशी त्यांचे बिनसले आणि १८९३ पर्यंत उरलेले खंड अहमद हुसेन कमर यांनी पुरे केले. सगळी मिळून आठ हजारांहून अधिक पाने.

होशरुबा म्हणजे शुद्ध हरपवणारा. हा तिलिस्म, म्हणजे जादूने रचलेला मुलूख, तीन भागांचा आहे. एक डोळ्यांना दिसणारा, एक लपलेला, आणि तिसरा जुल्मात, म्हणजे निव्वळ काळोख. राज्य अफ्रासियाब नावाच्या जादूगार बादशहाचे. त्याची मलिका हैरत आणि हैरतची सख्खी बहीण बहार. ही बहार हमजाच्या नातवाच्या, असदच्या बाजूला येते आणि दोघी बहिणी समोरासमोरच्या फौजांत उभ्या राहतात. बहारची जादू अशी की तिने फुलांचा गुच्छ फेकला की रणांगणावर वसंत येतो, शत्रूचे शिपाई तिच्यासाठी वेडे होतात आणि त्या वेडातच मरतात. मारणारा वसंत! मुलांची गोष्ट म्हणून या ग्रंथाला बाजूला सारणाऱ्यांनी ही एवढी एकच कल्पना नीट पाहावी. शिवाय तिलिस्म बांधणाऱ्याने त्याची मुदत आधीच ठरवून ठेवलेली असते आणि तो कोणाच्या हातून फुटणार हेही लिहिलेले असते. अफ्रासियाब जिंकत असतो तेव्हाही तो हरणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका त्याला शिव्या देत, आणि त्याचा एखादा जुना साथीदार पडला की "हाय बिचारा" असेही म्हणत.

आता लिहून ठेवलेली मते पाहू. पहिले मत बाबराचे. आपल्या आत्मचरित्रात तो एका गृहस्थाचा उल्लेख करतो, ज्याने अमीर हमजाच्या कथेच्या धर्तीवर एक कथा रचण्यात वेळ घालवला. बाबराच्या मते ते एक लांबलचक, बुद्धीला आणि निसर्गाला न पटणारे असत्य होते. सैनिकी बाण्याच्या माणसाचे हे रोखठोक मत. नातवाची गोष्ट निराळी. अकबराने मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या उस्तादांच्या देखरेखीखाली याच कथेची सुमारे १,४०० मोठी चित्रे कापडावर काढून घेतली. त्याला पंधरा वर्षे लागली. आज त्यांतली दोनशेहूनही कमी उरली आहेत आणि तीही बहुतेक व्हिएन्ना, लंडन इकडे आहेत. दरबार खान हा त्याचा कथेकरी होता. अबुल फजल सांगतो की बादशहा स्वतःही जनानखान्यात कथेकऱ्याच्या ढंगाने हमजाची कथा सांगत असे. आजोबाचे असत्य नातवाने घरातल्या बायकांना रंगवून सांगितले! त्याच अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे आणि तीत 'बासिम'चे, म्हणजे आपल्या वाशीमचे नाव आहे. त्या काळी बासिमच्या कसब्यात ही कथा कोणी सांगत होते की नाही, याविषयी तो ग्रंथ अर्थातच गप्प आहे. महसुलाच्या दामांची मोजदाद त्यात आहे, रडणाऱ्या-हसणाऱ्यांची नाही.

गालिबचे मत सर्वांना आवडण्यासारखे. १८६१ च्या सुमाराच्या एका पत्रात तो आनंदाने कळवतो की अमीर हमजाच्या दास्तानीचे जाडजूड पुस्तक आले आहे, तेवढेच 'बोस्ताने खयाल'चेही आले आहे, कोठीत बाटल्या आहेत, आता दिवसभर वाचन आणि रात्रभर दुसरे काम. यातला दुसरा भाग आम्ही सोडून देतो. पहिला भाग मात्र महत्त्वाचा आहे, कारण १८५७ नंतरची ती उजाड दिल्ली आहे. मित्र फासावर गेलेले किंवा परागंदा झालेले, गल्ल्या ओस पडलेल्या. अशा शहरात एक वृद्ध शायर जादूच्या पुस्तकाची वाट पाहतो. त्याला कोणी मनोरंजनप्रिय म्हणून हसू नये.

यानंतर हवा बदलली. कौमचा ऱ्हास का झाला, याचा शोध सुरू झाला आणि संशयितांच्या पहिल्या यादीत गोष्टीची पुस्तके आली. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' (१८७४) या कादंबरीतला नसूह हा पश्चात्तापी बाप, आपल्या शायर मुलाचा, कलीमचा ग्रंथसंग्रह उघडतो आणि त्याला आग लावतो. त्या आगीत 'फसाना-ए-अजायब' जाते, 'गुलबकावली' जाते. सरकारने या कादंबरीला बक्षीस दिले. पुढे १८९३ साली हाली यांचा 'मुकद्दमा' आला. त्यात शायरीला सत्याची आणि साधेपणाची कसोटी लावली गेली आणि अद्भुताची सगळीच दुनिया शरमिंदी झाली. योगायोग असा की होशरुबाचे कामही त्याच वर्षी संपत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये स्त्रियांनी कोणती पुस्तके वाचू नयेत याची यादी दिली. तीत 'अलिफ लैला' आहे, 'गुलबकावली' आहे आणि 'दास्ताने अमीर हमजा'ही आहे. गंमत म्हणजे पुस्तके जाळणारा बाप रंगवणाऱ्या नजीर अहमद यांच्याच 'मिरातुल उरूस'सारख्या पुस्तकांविषयीही तेथे सावधगिरीचा इशारा आहे. याच नजीर अहमद यांच्या 'उम्महातुल उम्मा' या पुस्तकाच्या प्रती पुढे खरोखर जाळण्यात आल्या. आगीला लेखक ओळखता येत नाही.

मौलानांची बाजू आम्ही हलकी लेखत नाही. त्यांनी स्त्रियांना लिहा-वाचायला शिकवण्याचा आग्रह धरला, हे त्या काळी लहान काम नव्हते. जादू म्हणजे सेहर, ते शरीयतीत हराम. त्याहूनही मोठी हरकत अशी की एका सहाबीच्या, तेही सय्यदुश्शुहदा म्हणवल्या गेलेल्या शहिदाच्या नावावर एवढी मनगढंत कहाणी का? हा प्रश्न खरा आहे. आमच्या मोहल्ल्यातही तो विचारला जाई. पण आमच्या फडताळात वरच्या फळीवर यादी होती आणि तळाशी यादीतले पुस्तक होते. दोन्ही दादीचीच. तिने मौलानांचे पुस्तक घरखर्चापासून तहारतीपर्यंत सगळ्या बाबतीत मानले, एवढी एक बाब सोडून. हे एकाच घरातले होते असे समजण्याचे कारण नाही. ज्या काळात दास्तानीवर सर्वात जास्त टीका झाली, त्याच काळात नवल किशोरचे खंडामागून खंड खपत होते. गोरखपूरला शाळेत असलेला एक मुलगा पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात बसून होशरुबा फडशा पाडत होता. तोच पुढे मुंशी प्रेमचंद झाला. वास्तववादाचा एवढा मोठा लेखक जादूच्या पुस्तकावर वाढला, हे हालींच्या कसोटीत कुठे बसवायचे ते अभ्यासकांनी ठरवावे.

मराठीतही हेच चालले होते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हाती घेतल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी वडिलांचे ते काम पुढे नेले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली आणि मग अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून अशा असंभाव्य कथांवर टीका केली. त्यांचे आणि हालींचे म्हणणे कितीसे वेगळे? विद्वानांची वस्त्रे निरनिराळी, हरकत एकच. वाचक इकडेही ऐकत नव्हते. १९१३ साली नाथमाधवांचे 'वीरधवल' आले आणि मराठी घरांत त्याची पारायणे झाली. वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या घरांत तर दोन्ही प्रवाह एकाच ओसरीवर येत. शाळेत मराठी, घरात दखनी, पुस्तक उर्दू. मुलगी उर्दूतून वाची आणि अडले की बाजूच्या मराठी शाळेतल्या भावाला अर्थ सांगे. आम्ही त्या भावंडांतले भाऊ. होशरुबा आमच्या डोक्यात मराठीत राहिला आहे, तो असा.

दास्तानीच्या बाजूने विद्वान बोलू लागले ते बरेच उशिरा. कलीमुद्दीन अहमद यांनी दास्तानगोईच्या कलेवर १९४४ मध्ये पुस्तक लिहिले. मुहंमद हसन असकरी यांनी १९५३ मध्ये होशरुबाचे निवडक भाग काढले. पाटण्याच्या खुदाबख्श लायब्ररीने १९८८ मध्ये होशरुबाचे पुनर्मुद्रण केले. शम्सुर्रहमान फारूकी (मृत्यू २०२०) यांनी सगळे ४६ खंड जमवले, वाचले आणि त्यांवर अनेक खंडांचा अभ्यास लिहिला. दास्तान ही कादंबरीची अर्धवट अवस्था नव्हे, ती ऐकवण्याची स्वतंत्र कला आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याच प्रेरणेने २००५ साली दिल्लीत दास्तानगोईचे प्रयोग पुन्हा सुरू झाले. जाह श्रेष्ठ की कमर, यावर जाणकारांत वाद आहे. भाषेच्या नजाकतीसाठी बहुतेकांचा कौल जाहकडे जातो. आम्ही तो कौल मान्य करतो, पण काळोख कमरच्या खंडांत अधिक दाट आहे असे आम्हाला वाटते आणि कधी कधी तोच जास्त ओढतो.

तरीही एक प्रश्न राहतोच. कथा खोटी, हे बाबराला कळले तसे दादीलाही कळत होते. मग ती ऐकत काय होती?

याचे उत्तर शोधताना आम्हाला आमच्याच जिल्ह्यातला एक फार जुना मामला सापडला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात ती शाखा स्थापन करणाऱ्या सर्वसेन राजाने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य लिहिले. ते काव्य आज नाही. हरवले. पण वाचकांची मते उरली आहेत. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याचे नाव घेतले, तेही एका नेमक्या मुद्द्यासाठी. परंपरेने आलेली कथा रसाला मारक होत असेल तर कवीने ती बदलावी, कारण नुसता घटनाक्रम सांगणे हे त्याचे काम नव्हे, ते इतिहासातून मिळतेच. याचे उदाहरण म्हणून कालिदासाबरोबर वाशीमचा हा राजा येतो. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नच वत्सगुल्मात लावले आहे. पुस्तक गेले आणि पाच शतकांनंतरच्या एका वाचकाचे मत मागे राहिले. आमच्या बाबतीत उलटे घडले. पुस्तक सुतळीत शिल्लक आहे, वाचणारीचे मत कोठेच नोंदले गेले नाही.

तर दास्तानकारांनी कथा बदलली ती कशी, ते पाहा. बिलग्रामींच्या खंडात हमजा सगळे जिंकतो. नौशेरवानची मुलगी मेहरनिगार त्याला मिळते, मुलगा कुबाद होतो. आणि मग ज्या दुनियेत आतापर्यंत प्रत्येक संकटावर उतारा होता, तिथे उतारे संपतात. कुबाद मारला जातो. मेहरनिगार जाते. एवढा मोठा साहिबकिरान, अठरा वर्षे परीलोक कोहे काफमध्ये अडकूनही परत आलेला, बायकोच्या कबरीवर फकीर होऊन बसतो. आणि सर्वात शेवटी, सगळी जादू आटोपल्यावर, कथा पुन्हा इतिहासात शिरते. उहुद येते. हिंदा येते. हमजाचे कलेजे काढले जाते. ४६ खंडांपैकी कोणताही हातात घ्या, ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेवट आधीच ठाऊक असे आणि तो खरा होता. बाकी सारे खोटे, तेवढे एक खरे. कसबी दास्तानगो 'दास्तान रोकना' ही मोठी कला मानत. प्रसंग पुढे सरकू न देता रात्रीमागून रात्री तो फुलवत ठेवायचा. त्याला आम्ही पूर्वी शब्दांची आतषबाजी समजत होतो. आता वाटते, खोटे जितके लांबवावे तितके खरे दूर राहते, हे सांगणारा आणि ऐकणारे दोघेही जाणून होते.

सीरतीत एक प्रसंग येतो. उहुदहून परतताना मदिनेत अन्सारींच्या घरांतून आपापल्या शहिदांसाठी रडण्याचे आवाज येत होते. ते ऐकून हुजूर (स.) दुःखाने म्हणाले की हमजासाठी रडणारे कोणी नाही. हे कळताच अन्सारी स्त्रिया हमजासाठी रडायला आल्या. पुढे मय्यतीवर आक्रोश करण्यास मनाई झाली, तो मसला वेगळा. हा प्रसंग दादी अनेकदा सांगे आणि तो सांगून झाला की दास्तान वाचायला बसवी. या दोहोंचा संबंध आमच्या लहानपणी आम्हाला लागला नव्हता. मौलानांनी तिला विचारले असते, की बाई, हे खोटे का ऐकतेस, तर तिने काय सांगितले असते ते आम्ही तिच्या वतीने लिहिणार नाही. मात्र बायकांचा तो घोळका अडाणी होता म्हणून जादूला भुलत होता, हे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आमची एक भाची वाशीमला शिकते. तिने 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीतून वाचले आणि पुढचे भाग इंग्रजीतून. पाचवा भाग, जो २००३ साली आला होता, तिला आवडला नाही. कारण विचारले तर म्हणाली, "मामू, तो सारखा चिडतो, आणि सिरियसला उगाच मारलं." मग म्हणाली की ती तो भाग तीनदा वाचून बसली आहे. तिच्या अब्बांची हरकत जादूवर आहे, तिच्या मराठीच्या बाईंची हरकत अशा पुस्तकांनी वास्तवाची जाण कमी होते ही आहे. म्हणजे थानवीसाहेब आणि काशीनाथ मराठे दोघेही तिच्या घरी-शाळेत अजून हजर आहेत. तिचे स्वतःचे मत मात्र तिने वहीत लिहून ठेवले आहे, तारखेसह. दादीकडे वही नव्हती.

तिला उर्दू वाचता येत नाही. म्हणून गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर आम्ही ती सुतळी सोडली आणि बिलग्रामींची दास्तान तिला मराठीतून सांगायला घेतली. पंचवीस-तीस रात्रींत जमेल तेवढे सांगितले. शेवटाकडे आलो तेव्हा ती म्हणाली, आता थांबू नका. आम्ही थांबलो नाही. ती शेवटची पाने आम्हीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. बाकी सगळ्या पुस्तकात पानांच्या कोपऱ्यांना तेलाचे, हळदीचे, काजळीचे डाग आहेत, कुठे चहाचा गोल उमटलेला आहे. मेहरनिगारच्या मौतीपाशी ते विरळ होत जातात. उहुदच्या पानांवर एकही डाग नव्हता आणि दोन पाने वरच्या कडेला अजून जोडलेलीच होती, ती आम्हाला सुरीने सोडवावी लागली.